एन-४ पास झालात, पण आजोबांचं दुखणं कळेल का? जपानला निघालेल्या नाशिककरांसाठी भाषेचं गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी टोकियोला गेले, तेव्हा भारत आणि जपानने एक आकडा जाहीर केला. पुढच्या पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये मिळून ५ लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात ५० हजार कुशल भारतीय जपानला जावेत, असं त्यात ठरलं. त्यानंतर सोशल मीडियावर 'जपानमध्ये नोकरी, फक्त बेसिक जपानी पुरे' अशा धाटणीच्या जाहिराती फिरताना दिसू लागल्या, तर त्यात नवल नाही.

नाशिकसाठी ही बातमी दूरची नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे इथे मशीनवर हात बसलेली मुलं आहेत. राज्यभरातल्या बीएस्सी नर्सिंग महाविद्यालयांची परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. जपानला नेमकी हीच दोन प्रकारची माणसं हवी आहेत. एक, कारखान्यात काम करणारी आणि दुसरी, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी.

प्रश्न आहे तो 'बेसिक जपानी' म्हणजे किती, आणि ते पुरतं का, हा.

जपानला माणसं का हवी आहेत?

२०२४ मध्ये जपानमध्ये सुमारे ६ लाख ८६ हजार जपानी बाळं जन्मली. १८९९ पासून नोंदी ठेवल्या जात आहेत, त्यात हा आकडा पहिल्यांदाच ७ लाखांच्या खाली गेला. लोकसंख्येतला जवळपास २९ टक्के भाग ६५ वर्षांच्या पुढचा आहे. म्हणजे काम करणारे हात कमी आणि सांभाळावी लागणारी माणसं जास्त.

यावर उपाय म्हणून जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'तोकुतेई गिनो' नावाचा व्हिसा सुरू केला. अर्थ सरळ आहे, 'ठरावीक कौशल्य'. वृद्धांची शुश्रूषा, कारखान्यातलं उत्पादन, बांधकाम, शेती, हॉटेल, अन्नप्रक्रिया अशी क्षेत्रं त्यात येतात. २०२४ मध्ये ही क्षेत्रं १२ वरून १६ झाली आणि पाच वर्षांत ८ लाख २० हजारांपर्यंत माणसं घेण्याची मर्यादा ठरली. भारताने या व्हिसासाठी जपानशी करार केला तो जानेवारी २०२१ मध्ये.

तरीही भारतीय तिथे अजून कमीच आहेत. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये साधारण ५४ हजार भारतीय राहत होते. त्याच वेळी आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या नेपाळचे लोक २ लाख ३० हजारांच्या पुढे होते.

व्हिसासाठी किती जपानी लागतं?

'तोकुतेई गिनो'च्या पहिल्या टप्प्यासाठी बहुतेक क्षेत्रांत एन-४ पातळी चालते. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. म्हणजे एन-४ ही खालून दुसरी पायरी. एन-४ ऐवजी 'जेएफटी-बेसिक' ही कॉम्प्युटरवरची परीक्षाही चालते. शुश्रूषेच्या कामासाठी त्या क्षेत्राची जपानी भाषेची आणखी एक परीक्षा द्यावी लागते. टॅक्सी किंवा बस चालवायची असेल तर सहसा अट वाढून एन-३ होते.

इथे एक गोष्ट जाहिरातींमध्ये सहसा लिहिलेली नसते. जेएलपीटीच्या कुठल्याही पातळीवर तोंडी परीक्षा नाही. निबंध नाही, पत्र नाही, समोरच्याशी दोन मिनिटं बोलणंही नाही. चार पर्यायांपैकी बरोबर पर्याय निवडायचा. वाचायचं, ऐकायचं आणि खूण करायची. जेएफटी-बेसिकमध्येही उमेदवाराला बोलून दाखवावं लागत नाही.

म्हणजे एखादी मुलगी एका शब्दाचाही नीट उच्चार न करता एन-४ पास होऊ शकते. आणि मग तिची नेमणूक होते ती दिवसभर माणसांशी बोलावं लागतं अशा कामावर.

मग भाषेचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ इथे काय सांगतात?

भाषेकडे दोन प्रकारे बघता येतं. एक, व्याकरण आणि शब्दांचा साठा म्हणून. दुसरं, माणसांमधला व्यवहार म्हणून. कोण कुणाशी, कुठे, कुठल्या सुरात बोलतं? कुणाचं बोलणं 'शुद्ध' ठरतं आणि कुणाला हसलं जातं? हे का आणि कधीपासून? या दुसऱ्या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे भाषिक मानववंशशास्त्र. हे शास्त्र कोशापेक्षा चावडीवर, वर्गात, दवाखान्यात जास्त वेळ बसतं.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीवर संशोधन करून १९७३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. एकाच गावात वेगवेगळ्या समाजांतली माणसं मराठी कशी वेगवेगळी बोलतात, हा त्यांचा विषय होता. पुढे त्या फलटणलाच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि मुलांच्या घरच्या बोलीला कमी न लेखता शिकवणारी शाळा त्यांनी उभी केली.

हीच नजर जपानी भाषेकडे वळवली, की नाशिकमधून जाणाऱ्याला काय सोपं जाईल आणि कुठे ठेच लागेल, हे बऱ्यापैकी आधीच दिसतं.

मराठी माणसाला जपानी कुठे सोपं जातं?

आधी चांगली बातमी. वाक्याची ठेवण मराठीसारखीच आहे. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. 'मी भात खातो' हेच 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु'. इंग्रजीसारखं क्रियापद मध्ये आणावं लागत नाही. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखे शब्दाच्या मागे लागतात.

साम्य त्याहून खोल आहे. मराठीत आपण 'करून बघतो'. जपानीत 'शिते मिरु', म्हणजे शब्दशः 'करून बघणे'. आपण एखादं काम आधीच 'करून ठेवतो'. जपानीत 'शिते ओकु', आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'घेऊन येणे' हे 'मोत्ते कुरु', तेही शब्दाला शब्द. एखादं काम 'वेळ खातं', ही कल्पनाही तिथे आहे. 'जिकान ओ कू' म्हणजे 'वेळ खाणे'.

हा योगायोग भाषाशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटलेला नाही. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या पुस्तकात भारतीय भाषांमधली कोणती वैशिष्ट्यं आशियात कुठवर पसरली आहेत याचा नकाशा मांडला, तेव्हा त्यातली अनेक वैशिष्ट्यं थेट जपानपर्यंत पोहोचलेली दिसली. टोकियोजवळच्या तचिकावा इथल्या जपानी भाषा संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून काम केलेले प्रशांत परदेशी हे मराठी भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी पीटर हुक यांच्यासोबत 'खाणे' या क्रियापदावरच अभ्यास केला आहे. मराठीत मार खातात, पैसे खातात, भाव खातात. जपानी आणि इतर आशियाई भाषांत 'खाणे' कसं कसं पसरलं, हा तो विषय. परदेशी देशातल्यांना जपानी क्रियापदं नीट समजावीत म्हणून तिथे तयार झालेल्या ऑनलाइन हस्तपुस्तिकेच्या कामातही ते होते.

यातून शिकणाऱ्याच्या कामाचा मुद्दा असा. बाजारात मिळणारी जपानीची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून व्याकरण समजावतात. नाशिकच्या मुलाने मराठीत विचार करायचा, तो इंग्रजीतून फिरवायचा आणि मग जपानीत न्यायचा, हा उलटा फेरा आहे. मराठीतून थेट जपानी शिकवली तर 'शिते मिरु' समजावायला अर्धा मिनिट लागतो.

अडतं कुठे?

आदर दाखवण्यात. मराठीत तू, तुम्ही, आपण आहेत. जपानीत 'केइगो' नावाची आदरार्थी भाषेची सगळी यंत्रणाच आहे. 'खाणे' म्हणजे 'ताबेरु'. समोरचा मोठा खात असेल तर 'मेशिआगारु'. स्वतः नम्रपणे खायचं तर 'इतादाकु'. क्रियापदच बदलतं. २००७ मध्ये जपान सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने केइगोबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्याआधी शाळेत तीन प्रकार शिकवत.

शब्द पाठ करता येतात. खरी अडचण शब्दांपलीकडची आहे. मराठीत आदर माणसाला चिकटलेला असतो. आपले साहेब बाहेर गेले असतील तर फोनवर कुणीही विचारलं तरी आपण 'साहेब बाहेर गेलेत' असंच म्हणू. 'पाटील बाहेर गेलाय' म्हटलं तर नोकरी जायची. जपानीत नेमकं उलट करावं लागतं. फोन बाहेरच्या माणसाचा असेल तर आपल्याच साहेबांच्या नावापुढचं 'सान' काढायचं आणि त्यांच्याबद्दल नम्र क्रियापद वापरायचं. कारण त्या क्षणी साहेब 'आपल्यातले' आणि फोन करणारा 'बाहेरचा'. आत आणि बाहेर, 'उचि' आणि 'सोतो', ही रेघ कुठे पडते त्यावर आदर ठरतो. आणि ही रेघ दर संभाषणात सरकते.

दुसरी गंमत 'हाइ'ची. पुस्तकात त्याचा अर्थ 'हो'. प्रत्यक्षात बोलताना तो अनेकदा फक्त हुंकार असतो, आपल्या 'हं... बरं...' सारखा. 'ऐकतोय' एवढाच त्याचा अर्थ. सुपरवायझर 'हाइ, हाइ' म्हणाला म्हणजे सुट्टी मंजूर झाली, असं समजणारा पुढच्या सोमवारी अडचणीत येतो. उलटही होतं. न समजता आपण 'हाइ' म्हणालो, तर समोरचा समजतो की मशीनची सूचना कळली. कारखान्यात हा गैरसमज बोटावर बेतू शकतो.

दुखणं सांगणारे शब्द

शुश्रूषेच्या कामात अडचण आणखी वेगळी आहे. म्हातारी माणसं पुस्तकातलं जपानी बोलत नाहीत.

दुखतंय हे सांगायला जपानीत नादाचे शब्द आहेत. ठणका लागला तर 'झुकिझुकि'. टोचल्यासारखं झालं तर 'चिकुचिकु'. चुरचुरलं तर 'हिरिहिरि'. मळमळलं तर 'मुकामुका'. डोकं ठणठणलं तर 'गानगान'. एन-४ च्या तयारीत यातलं फारसं येत नाही. पण डॉक्टरला काय सांगायचं ते यावरच ठरतं. इथेही मराठी मुलीचा पाया मजबूत आहे, कारण ठसठस, चुरचुर, भणभण, मळमळ, गरगर हे सगळं तिच्या जिभेवर आहेच. चक्कर येऊन सगळं फिरायला लागलं की मराठीत 'गरगर' आणि जपानीत 'गुरुगुरु'. इंग्रजीतून शिकताना हे धागे जुळतच नाहीत.

मग बोली येते. 'एराइ' या शब्दाचा पुस्तकी अर्थ 'थोर, कौतुकास्पद'. पण नागोया आणि आसपासच्या भागात 'एराइ' म्हणजे 'थकलोय, सहन होत नाही'. टोयोटाचं मुख्यालय असलेला आयची प्रांत हाच. वाहनांच्या सुट्या भागांच्या कामासाठी जाणारा नाशिकचा मुलगा याच पट्ट्यात पोहोचण्याची शक्यता मोठी. 'कोवाइ' म्हणजे पुस्तकात 'भीती वाटते'. उत्तरेला होक्काइदोत म्हातारी माणसं तेच 'दमलोय' या अर्थाने म्हणतात. आजी 'कोवाइ' म्हणाल्या आणि काळजीवाहू मुलीने त्यांना घाबरू नका म्हणून धीर दिला, तर आजींना हवी असलेली विश्रांती मिळणार नाही.

बागलाण, मालेगाव, कळवण भागातल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 'पोट दुखी राह्यनं' हे अहिराणी वाक्य पुण्या-मुंबईहून नाशिक जिल्ह्यात आलेल्या डॉक्टरला कळेलही, पण दुखणं नेमकं कसं आहे हे सांगायला आजी पुढे जे शब्द वापरतील ते कळतीलच असं नाही. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा बोलणाऱ्या घरातली मुलं तर शाळेत आली तेव्हाच एक नवी भाषा शिकून बसली आहेत. त्यांना हा अनुभव दुसऱ्यांदा येणार आहे.

एप्रिल २०२५ पासून जपानने परदेशी काळजीवाहूंना लोकांच्या घरी जाऊन सेवा देण्याचीही परवानगी दिली आहे, काही अटींसह. वृद्धाश्रमात शेजारी जपानी सहकारी असतो. घरी गेल्यावर फक्त आजोबा आणि ती मुलगी. तिथे विचारायला दुसरं कुणी नाही.

'जपानी लोक असेच असतात' हे कितपत खरं?

क्लासमध्ये आणि रील्समध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'जपानी लोक हजारो वर्षांपासून असेच नम्र आहेत, त्यांच्या बायका अशाच गोड बोलतात.' भाषिक मानववंशशास्त्राने सर्वांत जास्त धक्का दिला आहे तो या समजुतीला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मियाको इनोउए यांनी २००६ च्या पुस्तकात 'जपानी स्त्रियांची भाषा' कुठून आली, याचा माग काढला. वाक्याच्या शेवटी येणारे 'तेयो', 'दावा' असे प्रकार आज खास बायकी आणि खानदानी मानले जातात. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेत जाणाऱ्या मुली तसं बोलू लागल्या, तेव्हा त्या काळच्या पुरुष लेखक-विचारवंतांनी नाकं मुरडली होती. उथळ, असभ्य, कुठून शिकल्या कोण जाणे, असा सूर होता. पुढे कादंबऱ्या, मासिकं आणि जाहिरातींतून तीच भाषा आदर्श स्त्रीची भाषा म्हणून छापली गेली. म्हणजे जिला 'प्राचीन परंपरा' म्हणतात ती छापखान्याच्या काळात घडलेली आहे.

त्याच काळाशी महाराष्ट्राचाही एक धागा आहे. टोकियोत १९०१ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ सुरू झालं होतं. त्याची माहितीपुस्तिका वाचून महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात भारतीय महिला विद्यापीठ सुरू केलं, तेच आजचं एसएनडीटी. शिकलेल्या मुलींच्या बोलण्या-वागण्यावर टीका करणारे तिथेही होते आणि इथेही होते.

केइगोचंही तसंच. पॅट्रिशिया वेट्झेल यांनी २००४ च्या पुस्तकात दाखवलं, की केइगो ही एक सुटी, शिकवण्याजोगी व्यवस्था आहे ही कल्पना आधुनिक जपानमध्ये आकाराला आली. आजही जपानी कंपन्या नव्याने लागलेल्या जपानी मुलामुलींना केइगोचं प्रशिक्षण देतात. पुस्तकांच्या दुकानांत 'चुकीचं केइगो टाळा' अशी पुस्तकं जपानी लोकांसाठीच ठेवलेली असतात. जे जपान्यांना शिकावं लागतं ते नाशिकच्या मुलालाही शिकता येतं. ते रक्तात असावं लागतं, असं मानलं तर तो पहिल्याच महिन्यात हात टेकेल.

आणि 'एकच शुद्ध जपानी' हीसुद्धा लादलेली गोष्ट आहे. ओकिनावातल्या शाळांमध्ये बोलीत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. तिला 'होगेन फुदा' म्हणत, म्हणजे बोलीची पाटी. घरची भाषा वर्गात तोंडातून निघाली म्हणून छडी खाल्लेल्या आपल्याकडच्या पिढीला ती पाटी ओळखीची वाटेल.

आधी गेलेल्यांचं काय झालं?

इंडोनेशियातून २००८ पासून आणि फिलिपिन्समधून २००९ पासून आर्थिक करारांतर्गत परिचारिका जपानला गेल्या. आपापल्या देशात त्या शिकलेल्या, अनुभवी होत्या. जपानमध्ये परिचारिका म्हणून काम करायचं तर तिथली राष्ट्रीय परीक्षा जपानीतूनच द्यावी लागते. २००९ मध्ये त्यांच्यापैकी ८२ जणी-जण परीक्षेला बसले, एकही पास झालं नाही. २०१० मध्ये २५४ बसले, ३ पास झाले.

ज्ञान कमी होतं म्हणून नव्हे, भाषेमुळे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणाऱ्या जखमेला रोजच्या जपानीत 'तोकोझुरे' म्हणतात. वैद्यकीय पुस्तकात तिथे 'जोकुसो' येतं, आणि ते लिहायच्या चित्रलिपीतल्या कांजी सामान्य जपानी माणसालाही सहज वाचता येत नाहीत. टीका झाल्यावर अवघड शब्द सोपे करणं, कांजींवर उच्चार लिहून देणं, जास्त वेळ देणं असे बदल झाले आणि निकाल सुधारला. म्हणजे दोष फक्त शिकणाऱ्याचा नसतो, हे जपानने स्वतःच मान्य केलं.

असाच धडा १९९५ च्या कोबे भूकंपानंतर मिळाला होता. सूचना न कळल्याने परदेशी रहिवाशांचे हाल झाले. त्यातून 'यासाशीइ निहोंगो', म्हणजे सोपं जपानी, ही चळवळ निघाली. 'हिनान' (स्थलांतर) ऐवजी 'निगेरु' (पळा) म्हणायचं, एवढी ती साधी गोष्ट आहे. २०२० मध्ये जपान सरकारने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

पण वारं दुसऱ्या दिशेनेही वाहतंय. जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी आधी' अशी घोषणा देणाऱ्या सानसेइतो पक्षाने १४ जागा जिंकल्या. परदेशी नागरिकांचं प्रमाण हा तिथे आता निवडणुकीचा मुद्दा आहे. अशा वातावरणात 'यांना आपली भाषाही येत नाही' ही तक्रार सर्वांत आधी पुढे येते.

त्याच देशात याची दुसरी बाजूही आहे. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला गेले, २०१२ मध्ये तिथले नागरिक झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डच्या सभागृहात निवडून आले. पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. मतदाराच्या दारात उभं राहून जपानीत मत मागणं हे कुठल्याही एन-पातळीच्या पुढचं काम आहे.

नाशिकमध्ये काय करता येईल?

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा जर्मन शिकवण्याची जबाबदारीही सरकारने आपल्याकडे घेतली. जपानसाठीही तशी सोय व्हायची असेल तर नाशिकइतकी सोयीची जागा कमीच सापडेल. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे आहे. दूरशिक्षणाचा अनुभव असलेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे. शुश्रूषेसाठीचं जपानी मराठी माध्यमातून, तेही बोलण्यावर भर देऊन शिकवायचं, तर ज्ञान आणि यंत्रणा दोन्ही एकाच शहरात आहेत.

तोवर क्लास लावणाऱ्याने फी भरण्याआधी काही प्रश्न विचारावेत.

- आठवड्यातले किती तास फक्त बोलण्याचे आहेत? उत्तर 'परीक्षेत बोलायला नसतं' असं आलं तर पुढचा विचार करा.
- जपानमध्ये नोकरी कुठल्या प्रांतात आहे? तिथल्या बोलीतले निदान पन्नास शब्द शिकवणार का?
- नर्सिंग झालेल्या मुलींनी हे नक्की विचारावं: काम परिचारिकेचं आहे की काळजीवाहूचं? 'तोकुतेई गिनो'वर भारतीय नर्स काळजीवाहू म्हणूनच जाते. तिथे परिचारिका व्हायचं तर राष्ट्रीय परीक्षा वेगळी.
- एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का? नोंदणीकृत भरती एजंटाला कमाल ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. क्लासची फी वेगळी दाखवून त्यात हे पैसे मिसळले आहेत का, ते पावतीवर बघा.
- एन-४ नंतर पुढे काय? एन-३ पर्यंत शिकवण्याची सोय तिथे गेल्यावर कोण करणार, कंपनी की तुम्ही स्वतः?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यावर घर अवलंबून आहे. 'तोकुतेई गिनो'च्या पहिल्या टप्प्यात सर्वसाधारणपणे पाच वर्षंच राहता येतं आणि नवरा, बायको किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. कारखान्यासारख्या क्षेत्रांत वरची परीक्षा पास होऊन दुसऱ्या टप्प्यात गेलं की कुटुंबाला नेता येतं. शुश्रूषेच्या क्षेत्रात तो दुसरा टप्पाच नाही. तिथे 'काइगो फुकुशिशी' म्हणजे परवानाधारक काळजीवाहू व्हावं लागतं. त्यासाठी आधी तीन वर्षांचा अनुभव हवा, ठरलेलं प्रशिक्षण हवं आणि मग वर्षातून एकदाच, जानेवारीत होणारी परीक्षा जपानीतून द्यायची.

म्हणजे पाच वर्षांतली तीन अनुभवात गेली, की हातात संधी उरतात दोन, फार तर तीन. दिवसभर ड्यूटी करून संध्याकाळी कांजी गिरवणाऱ्या मुलीसाठी हा वेळ थोडा आहे. निघण्यापूर्वी नाशिकमध्ये घालवलेले सहा जादा महिने तेव्हा कामी येतात. एन-४ ने विमानात बसता येतं. पाच वर्षांनी मुलाला तिकडे न्यायचं की आपणच परत यायचं, याचं उत्तर त्यापुढच्या जपानीवर ठरतं.